तीसनंतर श्वास

मित्रांनो, माझ्या गळ्यात सुतळीने बांधलेली एक पुठ्ठ्याची चिठ्ठी आहे. तिच्यावर निळ्या शाईत लिहिलं आहे, 'मुद्देमाल क्र. ४, प्लॅस्टिकचा मनुष्य, अर्धा, जुना.' मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात सापडलेली वस्तू. ठाण्याच्या कोर्टातल्या एका खोलीत लोखंडी फळीवर मी दोन वर्षं पडून आहे. माझ्या डावीकडे एक कोयता आहे आणि उजवीकडे मोटारसायकलची साखळी. शेजार काही चांगला नाही, पण त्यांना तरी दोष कसा देऊ? त्यांना कुणीतरी हातात धरलं होतं आणि मलाही.

मी जुना आहे हे खरं. अर्धा आहे हेही खरं. माझा कमरेखालचा भाग कोपरी नावाच्या वस्तीत आहे आणि तिथे अजून त्याच्या पायांना पट्ट्या बांधायला शिकवतात, असं ऐकून आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी अखंड होतो. रबराची कातडी, अर्धवट मिटलेले डोळे आणि कायम उघडं तोंड. छातीत एक जाड स्प्रिंग होती आणि तिच्याखाली पत्र्याची चकती. ज्याचं हृदय बंद पडलं आहे अशा माणसाची छाती कशी दाबायची, हे शिकण्यासाठी मला घडवलं होतं. दाब कमी पडला तर मी गप्प राहायचो. दाब बरोबर पडला की माझ्या छातीतून 'टक' असा आवाज यायचा. ती माझी शाबासकी. तिच्याखेरीज मला दुसरं काही बोलता येत नव्हतं.

पहिली नऊ वर्षं मी नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या हाताखाली काढली. मग माझा एक कान फाटला, बरगड्यांना चिरा गेल्या आणि मला जिन्याखाली मोडक्या पंख्यांच्या संगतीला टाकलं. तिथे उंदरांनी माझी करंगळी खाल्ली. मी तिथेच संपलो असतो, पण शीला सिस्टर निवृत्त झाल्या आणि जाताना त्यांनी मला मागून घेतलं. त्यांनी मला रिक्षात शेजारी बसवून कोपरीला आणलं. सिग्नलला हवालदाराने आत डोकावून विचारलं, "मावशी, यांना काय झालंय?" सिस्टर म्हणाल्या, "काही नाही, स्वभावच तसा आहे." त्या दिवसापासून मला त्या बाई आवडल्या.

कोपरीत पिठाच्या गिरणीवर एका संस्थेच्या दोन खोल्या होत्या. एका खोलीत गरीब घरच्या आया सहा महिन्यांचं रुग्णसेविकेचं काम शिकत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस कशी बदलून द्यायची, अंघोळ कशी घालायची, नळीने कसं भरवायचं, सगळं माझ्यावर. शेजारच्या खोलीत तेवढाच वेळ त्यांची मुलं योगिनीताईंकडे शिकत. आई पास झाली की तिला काम मिळे आणि मुलाचं नाव संस्था चांगल्या शाळेत पहिलीला घाले. नियम एकच होता. आईचे चार खाडे झाले की आई आणि मूल, दोघांचीही नावं कटत.

बायकांनी मला नाव ठेवलं 'जावईबापू'. दिवसभर आडवं पडायचं, दुसऱ्यांनी न्हाऊ-खाऊ घालायचं आणि वर तोंड उघडं ठेवायचं. शिवानी नावाची एक तोंडाळ पोरगी होती. माझं अंग पुसताना ती म्हणायची, "हळू गं, जावईबापू लाजतायत."

लाड असले तरी मार चुकला नाही. सिस्टर शिकवायच्या, "जोरात दाबा. बरगडी मोडली तर सांधता येते, माणूस गेला तर आणता येत नाही." तीस वेळा दाबायचं, आकडे मोठ्याने म्हणायचे, मग थांबून दोन वेळा तोंडाने श्वास द्यायचा आणि पुन्हा एकपासून सुरू. रोज बारा बायका माझ्या छातीवर तुटून पडत. ज्यांना घरी बोट उचलायची सोय नव्हती, त्यांना इथे दोन्ही हातांनी हाणायची परवानगी होती. काही जणी ती फार मनापासून वापरत.

आणि यातूनच एक गंमत झाली. मधली भिंत प्लायवूडची होती. आयांचे आकडे पलीकडे मुलांना ऐकू जात. योगिनीताई बिचाऱ्या शंभरपर्यंत शिकवायच्या, पण मुलं म्हणायची, "अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, श्वास, श्वास, एक, दोन." तीसच्या पुढे श्वास असतो, यावर सगळ्या बालवाडीचं एकमत होतं. त्यात सगळ्यात हट्टी होती पाच वर्षांची निशिगंधा. ताईंनी तिला एकतीस म्हणायला सांगितलं तर ती म्हणाली, "ताई, तुम्ही श्वास विसरलात."

निशिगंधा रतनची मुलगी. रतन चार घरची धुणीभांडी सोडून इथे आली होती. तिचा नवरा गोविंदा ठाण्यात एका मोठ्या सोसायटीत वॉचमन होता. दारू पीत नव्हता, तंबाखू खात नव्हता, आणि बायकोला मारायचा. पहिल्या दिवशी रतनने माझ्या छातीवर हात ठेवले आणि तशीच बसून राहिली.

"दाब. त्याला दुखत नाही," सिस्टर म्हणाल्या.

"ठाऊक आहे सिस्टर. पण हात रेटत नाही."

सिस्टरांनी तिच्या दंडावरचे काळेनिळे वळ पाहिले आणि तिला घाई केली नाही. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी रतनने दाबायला सुरुवात केली. टक, टक, टक. तीसच्या तीस बरोबर. तिचे दात आवळलेले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात सुटत नव्हते. माझी आणखी एक बरगडी त्या दिवशी गेली. कुणाची छाती तिच्या मनात होती ते मला कळलं नाही, पण मी तिला तीस वेळा शाबासकी दिली. मला ती सगळ्यांत जास्त आवडायची, हे आता सांगून टाकतो.

पाचव्या महिन्यात गोविंदाला कुणीतरी चहाच्या टपरीवर सांगितलं की तुझी बायको परपुरुषांना अंघोळ घालायला शिकते. तो भर दुपारी गिरणीचा जिना चढून आला. वाऱ्यासाठी दार उघडं होतं. त्याला दिसलं ते असं. कॉटवर एक उघडा माणूस, कमरेपर्यंत चादर, आणि त्याची बायको त्या माणसाची हनुवटी धरून त्याच्या तोंडाला तोंड लावते आहे.

त्याने लाथेने कॉट उलटी केली. मी जमिनीवर पडलो आणि तो माझ्या छातीवर बसला. "कोण रे तू? कोण आहेस?" असं विचारत त्याने माझ्या तोंडावर ठोसे मारले, मग छातीवर मारले. माझी स्प्रिंग इमानदार. प्रत्येक ठोशाला 'टक' म्हणाली. त्याने माझा हात पिरगाळला तो खांद्यातून निखळून त्याच्याच हातात आला. तेव्हा कुठे तो थांबला. तो हात तसाच धरून उभा राहिला, आणि शिवानीला हसू फुटलं. मग सगळ्याच हसल्या. मलाही हसायला आलं असतं, तोंड उघडंच होतं.

एक रतन तेवढी हसली नाही. गोविंदाने तिच्याकडे पाहिलं, माझा हात खाली ठेवला आणि जिना उतरला.

"आज घरी जाऊ नकोस, माझ्याकडे चल," सिस्टर म्हणाल्या.

"आज नाही गेले तर उद्या जावंच लागेल ना, सिस्टर."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिचा ओठ फाटलेला होता आणि एक डोळा उघडत नव्हता. नळावर घसरले म्हणाली. कुणी काही विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. सिस्टर तिला पोलीस चौकीत न्यायला निघाल्या, तर तिने हात जोडले. "महिनाभर थांबा. परीक्षा होऊ दे. निशीचं नाव शाळेत लागेल, मला काम लागेल, मग मी टिटवाळ्याला खोली बघते आणि दोघी जातो. आत्ता काही केलं आणि खाडे पडले तर माझंही जाईल आणि तिचंही."

सिस्टर थांबल्या. त्या थांबण्याबद्दल त्यांनी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

हसण्याची ती गोष्ट मात्र थांबली नाही. ती गिरणीतून टपरीवर गेली आणि टपरीवरून ठाण्याच्या त्या सोसायटीच्या गेटपर्यंत पोहोचली. इथे एक सांगतो. हसणं हा काही गुन्हा नव्हता. हात गोविंदाचा होता आणि तो त्याने स्वतः उचलला.

परीक्षेच्या आधी आमच्याकडे एक रीत होती. प्रत्येक बाई मला एक दिवस सरावासाठी घरी न्यायची. कमरेचे स्क्रू काढायचे आणि छाती-डोक्याचा भाग पिशवीत घालायचा. याला त्या 'जावयाचा मुक्काम' म्हणत. मला कुठे बिस्किट भरवलं गेलं, कुठे टीव्हीसमोर बसवलं गेलं, आणि एका घरी तर म्हाताऱ्या सासूबाईंनी मला बघून डोक्यावरचा पदर सारखा केला. ते माझे सगळ्यांत सुखाचे दिवस होते.

परीक्षा सोमवारी होती. शनिवारी मी शिवानीकडे होतो आणि रविवारी सकाळी तिने मला भिंतीपलीकडे रतनच्या हवाली केलं. दोघींच्या खोल्या लागून होत्या, मध्ये एकच पातळ भिंत. रतनने मला फरशीवर चटई घालून ठेवलं आणि सराव सुरू केला. निशी शेजारी बसून आकडे म्हणत होती. तीस झाले की दोघी थांबायच्या. रतन वाकून माझ्या तोंडात दोन श्वास सोडायची, माझी छाती वर यायची आणि निशी टाळी वाजवायची. पलीकडे शिवानी भांडी घासत होती. तिकडून ती ओरडली, "रतन, तू पहिली येणार बघ."

गोविंदाची ड्युटी संध्याकाळपर्यंत होती. तो बाराच्या सुमारास आला. गेटवर एका ड्रायव्हरने त्याला विचारलं होतं, "काय गोविंदा, आज कुठल्या पुतळ्याशी मारामारी?" आणि सगळे हसले होते. त्याने आत येऊन दाराची वरची कडी लावली. मग चटईवर मला पाहिलं.

"घरात आणलंस याला?"

"उद्या परीक्षा आहे. संध्याकाळी परत देणार आहे," रतन उठत म्हणाली.

"परीक्षा नाही आणि काही नाही."

"मी जाणार," रतन म्हणाली. आवाज चढवला नाही, पण म्हणाली.

पहिली लाथ तिच्या पोटात बसली. ती भिंतीवर आदळून खाली पडली. त्याने तिला केसांना धरून ओढलं आणि तोंडावर बुक्की मारली, तसा तिचा एक दात माझ्या चटईवर येऊन पडला. तिने ओरडू नये म्हणून त्याने ओढणीचा बोळा तिच्या तोंडात कोंबला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि माझी मान पकडली.

मित्रांनो, माझं वजन आठ किलो आहे. त्याने मला डोक्यावर उचललं आणि तिच्या पाठीवर आपटलं. माझ्या छातीतून आवाज आला, 'टक'.

माझ्याजवळ तेवढा एकच शब्द होता आणि तो शाबासकीचा होता. त्याने पुन्हा आपटलं, मी पुन्हा 'टक' म्हणालो. ती हाताने डोकं झाकत होती. माझ्या हनुवटीने तिची बोटं मोडली. माझ्या खांद्याने तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, ते मोडताना मला कळलं. जी बाई माझ्यावर जीव वाचवायला शिकली, तिला मी मारत होतो. मला फुटून जायचं होतं, पण कारखान्याने मला पक्कं बनवलं होतं.

निशी कपाटाच्या आणि भिंतीच्या फटीत शिरली होती. भेदरलेलं पोर. तिला 'टक' ऐकू आलं आणि तिच्या तोंडून आपोआप आकडा आला. "एक." पुन्हा टक. "दोन." ती म्हणत राहिली. आकडे म्हणताना तीसला सगळं थांबतं, एवढं तिला माहीत होतं. ती तीसची वाट बघत होती.

पलीकडे शिवानीला टक ऐकू येत होतं आणि आकडे ऐकू येत होते. तिला वाटलं, रतनचा सराव चालला आहे. तिने घासलेली भांडी पालथी घातली आणि तांदूळ धुवायला घेतले. बारा. तेरा. चौदा.

"एकोणतीस," निशी म्हणाली. "तीस." आणि ती फटीतून बाहेर आली. "बाबा, आता श्वास. तीस झाले. आता श्वास असतो."

त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टक.

निशीला तीसच्या पुढचा आकडा येत नव्हता. ती क्षणभर तोंड उघडून उभी राहिली. मग रडत रडत म्हणाली, "एक."

शिवानीचा हात तांदळात थांबला. पुढे पोलीस चौकीत जबाब देताना तिने हे सांगितलं, तेव्हा मी तिथेच टेबलाखाली होतो. ती म्हणाली, "साहेब, तीस झाल्यावर थांबायचं असतं. दोन श्वासांएवढा वेळ आवाज येत नाही. त्या दिवशी तीसनंतर लगेच टक आलं. रतन श्वास विसरणार नाही. जीव गेला तरी विसरणार नाही. म्हणून मी उठले."

ती उठली, वरवंटा उचलला आणि रतनच्या दारावर घाव घालत सुटली. पाचव्या घावाला कडीचा कोयंडा उखडला. गोविंदा मला हातात धरून वळला आणि तिच्या अंगावर धावला. तिने वरवंटा फिरवला तो त्याच्या मनगटावर बसला. हाड वाजलं, मी खाली पडलो. तो किंचाळत दाराबाहेर गेला, तिथे चाळीतल्या माणसांनी त्याला खाली पाडलं आणि तेही त्याला तुडवू लागले. त्या दुपारी त्या चाळीत सगळ्यांचेच हात चालत होते.

एक शिवानी तेवढी मारामारीकडे बघत नव्हती. रतन उताणी पडली होती, बेशुद्ध, आणि तिचा घसा घरघरत होता. तोंडातला बोळा रक्ताने भिजून आत सरकला होता. शिवानीने तो ओढून काढला. बोटाने रक्त आणि दाताचा तुकडा बाहेर काढला. खांदा आणि कंबर धरून तिला कुशीवर वळवलं, हनुवटी वर केली, गाल तिच्या तोंडाजवळ नेला. काही येत नव्हतं. मग रतन खोकली, रक्ताची गुळणी फरशीवर पडली आणि तिने श्वास ओढला. मी चटईच्या कडेला पडून ते बघत होतो. हा धडा माझ्यावर शंभरदा झाला होता आणि मला कधी श्वास आला नव्हता.

निशी जवळ येऊन बसली होती. आईची छाती हलली तशी ती हळूच म्हणाली, "श्वास." पुन्हा हलली. "श्वास."

रतन एकोणीस दिवस दवाखान्यात होती. सोमवारची परीक्षा गेली. चार खाडे कधीच उलटून गेले होते आणि संस्थेच्या वहीत दोघींच्या नावांवर रेघ मारायची वेळ आली, तेव्हा शीला सिस्टर म्हणाल्या, "मारा रेघ. पण सुरुवात माझ्या नावापासून करा." रेघ मारली गेली नाही. पुढच्या तुकडीबरोबर रतन परीक्षेला बसली. तिच्यासमोर नवा पुतळा होता. मोडून सांधलेल्या बोटांनी तिने तीसच्या तीस बरोबर दाबले. आता ती डोंबिवलीत एका म्हाताऱ्या गुरुजींची सेवा करते आणि टिटवाळ्याला खोली घेऊन राहते. हे सगळं मला कोर्टात, साक्षीदारांच्या बाकावरच्या शिवानीच्या बडबडीतून कळलं.

मला तिथे गेल्या महिन्यात नेलं होतं. टेबलावर ठेवलं आणि माझ्या गालावरचा रतनच्या रक्ताचा, वाळून काळा पडलेला डाग सगळ्यांना दाखवला. मुलीला दिसू नये म्हणून गोविंदाला पडद्याआड बसवलं होतं. मग निशिगंधाला आत आणलं. ती आता सात वर्षांची आहे, शाळेत जाते, केसांना दोन रिबिनी. लहान मुलाची साक्ष घेण्याआधी त्याला समज आहे का हे बघतात, म्हणून न्यायाधीश बाईंनी तिला नाव विचारलं, शाळा विचारली. मग विचारलं, "आकडे येतात का तुला? म्हण बरं."

निशीने मला पाहिलं आणि ती म्हणू लागली. रतन बाकाची कड घट्ट धरून बसली होती. शिवानीने मान खाली घातली होती. सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

ती थांबली. दोन श्वासांएवढी. न्यायाधीश बाईंना वाटलं, पुढचं येत नाही. त्या म्हणाल्या, "असू दे बाळ, एवढं पुरे."

"येतं मला," निशी म्हणाली. "एकतीस."

मित्रांनो, निकाल लागेपर्यंत मी इथेच असणार, कोयत्याच्या आणि साखळीच्या मध्ये. जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काही ना काही मागतात. आम्हाला पुसा, जपा, फेकू नका, असं म्हणतात. मला पुसू नका, माझ्या गालावरचा डाग कोर्टाला लागणार आहे. माझं मागणं वेगळं आहे. शिवानी शहाणी होती, तिला तीसनंतरची चूक ऐकू आली. पण ती मला टेबलाखाली बघून हुंदके देत म्हणाली होती, "तीस होईपर्यंत मी तांदूळ धूत होते रे, जावईबापू." म्हणून सांगतो. तुमच्याही घराला भिंत आहे आणि भिंतीपलीकडे कुणीतरी राहतं. तिकडून आपटल्याचा आवाज आला, तर तो कसला असेल याचा विचार करत बसू नका, आणि तीसपर्यंत तर मुळीच थांबू नका. पहिल्याच आवाजाला उठा, घरातल्या मोठ्यांना उठवा आणि जाऊन दार वाजवा.